ओहोटीची गैरहजेरी

चौथीचे गुरुजी प्रत्येक वाक्य ‘समजा’ने सुरू करत. बेलापूरच्या शाळेत आमच्या दोन वर्गांच्या मध्ये फक्त बांबूचा एक तट्ट्या होता, म्हणून त्यांचं प्रत्येक ‘समजा’ मी शिकवत असलेल्या तिसरीलाही ऐकू येई.

एका शिबिरातून ते कृतिसंशोधन शिकून आले. समस्या ठरली: ओहोटी लागली की मुलं शाळा सोडून खाडीच्या चिखलात निवटे मासे पकडायला जातात. उपाय: ओहोटी बघून शाळेची वेळ ठरवायची. लाल समास आखलेला नऊ पानी प्रस्ताव वरिष्ठांकडे गेला.

गावात मात्र बातमी पसरली की गुरुजींनी पोरांची तक्रार सरकारात केली. दुसऱ्याच दिवशी, भर ओहोटीत, खाडीवर जाणारी सहाही मुलं चौथीच्या वर्गात हजर! गुरुजींचा चेहरा पडला.

“समजा, तुम्ही आत्ताच यायला लागलात, तर मी प्रयोग कशावर करू? मंजुरी येईपर्यंत खाडीवर जा.”

एकाची आई दारातच होती. “गुरुजी, मारून मारून आनलाय त्याला. परत कशाला धाडता?”

“समजा, महिन्याभरात मंजुरी आली...”

“आनि समजा, तो परत आलाच नाय?”

मी सहाही मुलांना माझ्या वर्गात घेतलं. गुरुजींनी प्रयोगासाठी हजेरीपटात सहा जणांना गैरहजर लावलं. मग तट्ट्याच्या कडेने डोकावून हळूच म्हणाले, “बाई, त्यांना इकडे तोंड करून बसवा. आज अपूर्णांक आहेत. मी जरा मोठ्याने शिकवतो.”