रणगाड्यातला माणूस

माजरीच्या बसथांब्याजवळ एक म्हातारे गृहस्थ रोज दुपारी बसत. कोळशाच्या भूमिगत खाणीतून निवृत्त झालेले. शाम्पूच्या झाकणांची चाकं, रिकाम्या रिफिलची तोफ आणि तेलाच्या कॅनचं कापलेलं प्लास्टिक जोडून ते वीतभर लांबीचे रणगाडे करत आणि अगदी खऱ्यासारखे रंगवत.

एकदा ते करंगळीच्या नखाएवढ्या चालकाला मिशा काढत होते. त्यासाठी ब्रशचा एकच केस ठेवला होता. रंग वाळल्यावर त्यांनी चालकाला आत बसवलं आणि वरून झाकण चिकटवूनच टाकलं.

मी विचारलं, "भाऊ, आता हा कोणाले दिसन? एवढी मेहनत काऊन केली?"

"जिंदगीभर जमिनीखाली काम केलं मी," ते म्हणाले. "वरून कोणालेच दिसत नव्हतो. पन घरी बायकोले मालूम राहे, आत मानूस आहे."