आईची जागा सापडली ती सकाळ

आमची ख्रिस्ती मंडळी सोडली आणि त्या पाठोपाठ माझी प्रार्थनाही सुटली. हे मी बराच काळ कोणाला सांगितलं नव्हतं. जेवायला बसलं की माझे यजमान डोळे मिटून प्रभूचे आभार मानायचे, मीही डोळे मिटायचे, पण आत सगळं कोरडं असायचं. त्यांचं आमेन ऐकू आलं की मी आमेन म्हणायचे आणि भात वाढायला घ्यायचे. ज्या बाईने डोंबिवलीतल्या शाळेत मराठी शिकवून उरलेला सगळा वेळ पवित्र शास्त्र वाचण्यात घालवला, तिची ही अवस्था. देव नाही असं मला कधी वाटलं नाही. तो माझं ऐकत असेल का, याची मात्र खात्री उरली नव्हती.

आमची मंडळी लहानशी होती. कुठल्या मोठ्या चर्चशी संबंध नाही, ठाकुर्लीला एका हॉलमध्ये उपासना व्हायची. पुढाऱ्यांना सगळे अण्णा म्हणायचे. तिथे मला पुष्कळ काही मिळालं, ते मी नाकारणार नाही. वचन मनापासून वाचायला मी तिथेच शिकले. पण अण्णांची शिकवण हळूहळू आवळत गेली. आमच्या मंडळीत झालेला बाप्तिस्मा तेवढाच खरा, बाकीच्यांचं तारण नाही, असं ते सांगू लागले. माझे बाबा नगरकडच्या जुन्या मिशनच्या चर्चमधले. मरेपर्यंत साधेपणाने देवाचं करत राहिले. एकदा मी उभी राहून विचारलं, "अण्णा, मग माझे बाबा?" अण्णा शांतपणे म्हणाले, "नाही बहिणी, तुझे बाबा तारलेले नाहीत." त्यानंतर आम्ही दोघं नवरा-बायको तिथे गेलो नाही. पुढच्या रविवारी आमची नावं वाचून दाखवली गेली आणि आमच्याशी कोणी बोलायचं नाही, आमच्याबरोबर जेवायचं नाही, असं ठरलं.

आई माझ्या भावाकडे राहायची आणि भाऊ मंडळीतच होता. शेजारणीच्या फोनवरून आई अधूनमधून फोन करायची, दोन वाक्यं बोलायची, "जेवलीस का" विचारायची आणि ठेवून द्यायची. ती गेली हेही मला त्या शेजारणीनेच कळवलं. मी धावत दफनभूमीशी पोहोचले तेव्हा शवपेटी आत गेली होती. फाटकात दानीएलभाऊ उभे होते. अण्णांचा उजवा हात म्हणावा असा माणूस, माझ्यापेक्षा वयाने मोठा, माझ्या लग्नात ज्याने खुर्च्या लावल्या होत्या. ते फाटकात आडवे झाले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला आत येता येणार नाही. इथेच थांबा." मी हात जोडले. त्यांनी मान फिरवली. आतून गीताचा आवाज येत होता, त्यात माझ्या भावाचाही आवाज होता. आईला मातीआड केलं तेव्हा मी रस्त्यावर उभी होते.

पुढे भाऊ गुजरातेत गेला आणि त्याने माझा नंबर ब्लॉक करून टाकला. आमच्या मंडळीत कबरीवर नाव लावायची पद्धत नव्हती, तो देहाचा गर्व मानला जायचा. त्यामुळे आईची जागा कोणती, हे मला कळेना. दफनभूमीच्या चौकीत विचारलं तर म्हणाले, मधे वाट रुंद केली, आखणी बदलली, आता नक्की सांगता येणार नाही. मी नंतर जायचंच सोडून दिलं. इतक्या कबरींमधून नुसतं चालत राहायचं आणि आपली आई कुठल्या मातीखाली आहे हे माहीत नाही, हे सोसवेना.

आमच्यासारखे मंडळीतून बाहेर पडलेले काही जण कल्याणला शालिनीवहिनींच्या घरी रविवारी संध्याकाळी जमू लागले होते. विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत जाण्यासारखं घर. चहा, पोहे आणि मग शास्त्र उघडून वाद. आम्हाला इतकी वर्षं वाद करूच दिला नव्हता, त्याची जणू भरपाई चालली होती. क्षमा हा विषय तर संपतच नसे. ठाण्याहून टेंभी नाक्याकडून येणारा विल्सन त्यात सर्वांत कडक. त्याचं कारणही तसंच होतं. अण्णांच्या सांगण्यावरून त्याची बायको मुलीला घेऊन वेगळी झाली होती, आणि तो निरोप त्याच्या दारात नेऊन देणारे दानीएलभाऊच होते.

विल्सन म्हणायचा, "पश्चात्ताप केला तर क्षमा कर, असं स्वच्छ लिहिलंय. 'तर' हा शब्द मी घातलेला नाही."

शालिनीवहिनी म्हणायच्या, "अरे, आणि वधस्तंभावर? खिळे ठोकणारे ठोकतच होते. त्यांनी कुठे पश्चात्ताप केला होता? तरी प्रभूने त्यांच्यासाठी मागितलंच ना?"

"पित्याकडे मागितलं, वहिनी. 'मी सोडलं' असं नाही म्हटलं."

मी विल्सनच्या बाजूने बोलायचे. मला शास्त्र येत होतं, संदर्भ तोंडपाठ होते. पण घरी परत येताना रिक्षात लक्षात यायचं की मी वाद शास्त्राचा घातला होता आणि डोळ्यांपुढे मात्र पूर्ण वेळ ते फाटक होतं.

अशाच एका रविवारी दार वाजलं आणि दानीएलभाऊ आत आले.  त्यांच्या मुलाने मंडळीबाहेरच्या मुलीशी लग्न केलं, दानीएलभाऊ त्या लग्नाला गेले, म्हणून त्यांनाही बाहेर काढलं होतं. ज्यांच्यासाठी ते फाटकात उभे राहिले, त्यातला एकही माणूस आता त्यांच्याशी बोलत नव्हता. ते खूप वाळले होते. विल्सन उठून गॅलरीत गेला. वहिनींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला वाईट वाटतं का? माझ्या आईच्या दिवशी जे केलंत त्याचं?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, खोटं बोलत नाही. तेव्हा मला वाटलं होतं मी देवाचं काम करतोय. आज काय वाटतं ते मला अजून नीट कळत नाहीये. कळल्याशिवाय माफी मागितली तर ती नुसती तोंडाची होईल."

गॅलरीतून विल्सन म्हणाला, "ऐकलंत? हे असंच असतं."

निघताना ते दारात थांबून हळूच म्हणाले, "आईला खांदा मी दिला होता. जागा मला माहीत आहे. तुम्हाला बघायची असेल तर दाखवतो. माफीसाठी म्हणत नाही."

 पुढचे काही आठवडे माझे फार वाईट गेले. आईची जागा मला हवी होती, पण ती या माणसाच्या हातून नको होती. राग आणि आठवण, दोन्ही एकाच वेळी उसळायची. एकदा दुपारी शाळेतून आले, घरात कोणी नव्हतं. भाजी निवडायला बसले आणि एकाएकी रडू फुटलं. रडता रडता तोंडातून निघालं, "प्रभू, मला नाही जमत. क्षमा करायला जमत नाही आणि न करता राहायलाही जमत नाही. आता तूच बघ." किती काळाने मी त्याच्याशी बोलले होते! त्यात एकही वचन नव्हतं, कसलाही संदर्भ नव्हता. नंतर चमत्कार वगैरे काही झाला नाही. उरलेली मेथी निवडली आणि दानीएलभाऊंना फोन करून म्हटलं, "शनिवारी सकाळी येते."

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. ऊन चढायच्या आत आम्ही पोहोचलो. यजमान बरोबर येतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. दानीएलभाऊ पुढे चालले, मी मागे.  आत गेल्यावर ते एका बाजूला वळले, थोडं चालले आणि थांबले. पुन्हा मागे आले. "इथे एक मोठं झाड होतं. त्याच्या सावलीतच..." झाड कुठेच नव्हतं. वाट बदलली होती. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले, वाकून वाकून पाहत राहिले. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. शेवटी ते एका ओट्यावर बसले आणि चेहरा झाकून म्हणाले, "ताई, सापडत नाही हो." मला रागही आला नाही. फक्त वाटलं, झालं, हाही दरवाजा बंद.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "कोणाला शोधताय?" एक म्हातारी बाई होती. फुलांचा फ्रॉक, हातात पिशवी, पिशवीत झेंडू आणि मेणबत्त्या. कॅथलिक असणार, त्यांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस जवळ आला होता. मी म्हटलं, "माझ्या आईची कबर. नाव नाही तिच्यावर."

"नाव नाही? ये, बघ." म्हणून ती चालू लागली. थोड्या अंतरावर तिच्या नवऱ्याची कबर होती, पांढऱ्या लाद्यांची. तिच्या शेजारी मातीचा साधा उंचवटा, भोवती विटांची कड लावलेली, गवत काढलेलं. डोक्याच्या बाजूला एका सपाट दगडावर वितळलेलं जुनं मेण साचलं होतं.

"ही बघ. हिला नाव नाही. माझा नवरा गेला त्याच महिन्यात हिला आणली. मी इथेच बसलेली. पुष्कळ माणसं होती, गाणी म्हणत होती. पण काय झालं माहीत आहे? बाहेर गेटवर एक बाई उभी होती. रडत होती. मुलगी होती म्हणे हिची. एक माणूस तिला आतच सोडेना. मला इतकं वाईट वाटलं! नंतर ती आत येईल म्हणून मी थांबले सुद्धा, पण ती गेली वाटतं. मग मी ठरवलं, ती मुलगी येईपर्यंत आपण बघायचं. माझ्या माणसाला एक लावते, हिला एक लावते. काय जातं आपलं?"

 मी तिचा हात धरला आणि कसंबसं म्हटलं, "आंटी, ती मीच."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग मला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून मला दानीएलभाऊ दिसत होते. ते चपला काढून उभे होते.  ते माझ्याशी नाही, त्या अनोळखी बाईशी बोलले. "आंटी, तो माणूस मी. हिला आत न सोडणारा." आणि ते आईच्या कबरीशी गुडघ्यांवर बसले. "चुकलो मी, आई. मुलीला तुझ्यापाशी येऊ दिलं नाही. चुकलो."

 आंटीने पिशवीतून एक मेणबत्ती काढून माझ्या हातात दिली. मृतांसाठी मेणबत्ती लावणं व्यर्थ आहे, असं आम्हाला मंडळीत शिकवलं होतं, आणि मीच ते पुढे किती मुलांना शिकवलं होतं. मी ती लावली. वाऱ्याने विझायला लागली तेव्हा दानीएलभाऊंनी ओंजळ आडवी धरली. मग त्यांना उठता येईना, गुडघे धरले होते. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि माझ्यावर भार टाकून उठले. "मी तुम्हाला क्षमा केली" असं काही मी म्हटलं नाही. ते आठवलंच नाही. आम्ही तिघं बाहेर आलो, समोरच्या टपरीवर चहा घेतला, आंटी तिच्या नवऱ्याच्या गमती सांगत राहिली आणि मी हसले.

पुढच्या रविवारी मी हे सगळं शालिनीवहिनींच्या घरी सांगितलं. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. विल्सन म्हणाला, "मावशी, पण मेणबत्तीला शास्त्रात आधार नाही."

"नसेल रे," मी म्हटलं.

"आणि पश्चात्ताप आधी झाला की क्षमा आधी?"

मी खरंच आठवून पाहिलं. पण मला सांगता येईना. तो अजून दानीएलभाऊंशी बोलत नाही, ते आले की दुसऱ्या टोकाला बसतो. मी त्याला समजवायला जात नाही. त्याचं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे आणि त्याची मुलगी अजून त्याला भेटलेली नाही. मी त्याच्यासाठी प्रार्थना करते, रोज करते. प्रार्थना आता पुन्हा येऊ लागली आहे, मोडकीतोडकी का होईना.

मला एवढंच कळलं की जे मी माझ्या बळावर करायला बघत होते, ते माझ्याकडून कधी होणार नव्हतं. मी हात टेकले आणि मग पाहिलं, तर प्रभूने केव्हाच सोय करून ठेवली होती. मी ज्या दिवशी रस्त्यावर एकटी रडत होते आणि देवाने तोंड फिरवलं असं मला वाटत होतं, त्याच दिवशी त्याने आत एका बाईला माझ्या आईशेजारी बसवलं होतं. वर्षानुवर्षं ती गवत काढत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. अशा आणखी किती गोष्टी माझ्यासाठी कुठे कुठे चालू असतील, कोण जाणे. त्या मला दिसल्या नाहीत तरी चालेल. प्रभूचे त्यांच्यासाठीही आभार.