सही करायला निघालेला साडू

माझ्या साडूइतका कशालाही हो म्हणणारा माणूस मीरा-भाईंदरच्या हद्दीत दुसरा नाही. हद्दीबाहेर कुणी असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये, नाहीतर एकमेकांना हो म्हणत ते जन्मभर नाक्यावरच उभे राहतील. दाताच्या डॉक्टरने दोन दाढा काढाव्या लागतील म्हटलं, तेव्हा हा खुर्चीत आडव्या अवस्थेत "एकदम फर्स्टक्लास!" म्हणाला आणि डॉक्टरच गोंधळून उभा राहिला. शांती नगरात त्याच्या सोसायटीत गच्चीवर कपडे वाळत घालू द्यावेत असा एक अर्ज फिरला आणि घालू देऊ नयेत असा दुसरा. दोन्हींवर पहिली सही याची! सेक्रेटरींनी जाब विचारला तर म्हणे, "दोन्ही पार्ट्या बरोबर बोलत होत्या हो!" नोकरी भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कंपनीत, विक्री खात्यात. पण भांडी विकायला गेलेला हा माणूस कित्येकदा दुकानदाराच्या आग्रहाखातर दुसऱ्याच कंपनीचं पातेलं विकत घेऊन घरी यायचा. तरी दुकानदार त्याची वाट बघायचे आणि ऑर्डर त्यालाच द्यायचे.

अशा माणसाच्या बायकोचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, एका शनिवारी फोन आला. "भाऊजी, आहात तसे या. ह्यांना कंपनीतून काढतायत आणि हे पेढे आणायला निघालेत!"

मी धावत पोचलो. साडू दारातच होता, हातात कागद, खिशाला पेन. "दादा, ऑफर आलीय, ऑफर! आजवर आपल्या घराण्यात कुणाला आली होती?" कंपनी विक्री खातं बंद करत होती. सोमवारपर्यंत सही केली तर एकरकमी पैसे, नाहीतर विचार करू, अशी ती ऑफर. "सही नंतर कर, आधी वकिलाला दाखवू," असं मी म्हटलं. मला वाटलं होतं वाद घालील. छे! "वकील? फर्स्टक्लास! चला, चला!" म्हणत तो माझ्या आधी जिना उतरला.

माझ्या बायकोच्या ओळखीच्या एक वकीलबाई भाईंदर पश्चिमेला बसतात. मूळच्या समुद्रकाठच्या उत्तन गावच्या. कोर्टात अगदी छापील मराठी बोलतात, पण धसका बसला की आतलं उत्तन बाहेर येतं. साडू कंपनीचं कौतुक करत होता आणि बाई वाचत होत्या. एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, "सही केली न्हाय ना अजून?"

"नाही, पण पेन आणलंय."

"ते खिशात ठेवा. इथे लिहिलंय, तुम्ही स्वखुशीने राजीनामा देताय."

"मी तर खूशच आहे, मॅडम!"

"तुम्ही खूश आहात हा तुमचा स्वभाव झाला. राजीनामा तुम्ही देत नाही आहात, ते तुम्हाला काढतायत. आणि ही ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे, ती यांनी बक्षीस म्हणून मोजलीय. आणि हे बघा, दोन वर्षं यांच्या गिऱ्हाइकांशी व्यवहार करायचा नाही. कोर्टात हे टिकणं कठीण, पण सही केलीत तर भांडत बसणार तुम्हीच."

साडूचा चेहरा प्रथमच गंभीर झाला. "म्हणजे विरारच्या शेठजींकडे जायचं नाही? त्यांच्या मुलीच्या लग्नाची भांडी मी निवडणार आहे. शब्द दिलाय." मग तो म्हणाला, "नाही."

कोण बोललं म्हणून मी मागे वळून बघितलं. पण तोच होता. चव आवडल्यासारखा तो पुन्हा म्हणाला, "नाही! नाही हो, मॅडम!" त्या दिवशी त्याच्या अंगात असं काही संचारलं, की रिक्षावाल्याने "जाना है क्या?" विचारल्यावर त्यालाही दणदणीत "नहीं!" ऐकवलं आणि आम्ही घरापर्यंत चालत आलो.

बाईंनी कंपनीला पत्र धाडलं. कंपनीने साडूला बोलावलं. बाईंनी त्याला एकच वाक्य शिकवलं होतं, ते तो आरशासमोर घोकून गेला. साहेबांनी विचारलं, चहा घेणार? "वकिलांना विचारून सांगतो." पंखा वाढवू? "वकिलांना विचारून सांगतो!" शेवटी कंपनी नमली. ग्रॅच्युइटी वेगळी, भरपाई वेगळी आणि गिऱ्हाइकांचं कलम साफ रद्द! मेहुणी फोनवर आनंदाने ओरडतच होती.

पक्का मसुदा वाचून दाखवल्यावर बाईंनी विचारलं, "अजून काही घालायचंय?" साडू जरा लाजला. "मॅडम, महिन्यातून एकदा दुपारच्या चहाला गोडाऊनमध्ये येऊ द्यावं, असं घालता येईल का?"

बाईंनी चष्मा काढला. "असं कलम नसतं हो."

"बरं," तो म्हणाला.

आता तो दुसऱ्या कंपनीची भांडी विकतो. शेठजींच्या मुलीचं लग्नही थाटात झालं. कधी मी त्याच्या स्कूटरवर मागे असलो आणि रस्ता जुन्या कंपनीच्या गल्लीतून जात असला, की गेटपाशी त्याचा वेग आपोआप कमी होतो. आतून स्टीलचा खणखणाट येतो. साडू क्षणभर कान देतो आणि समोर बघतच हळूच म्हणतो, "ताटं लावतायत."