मुकीचा फळा

“तिथे मला आपली भाषा येत नाही, त्याचाच पगार मिळतो,” असं बाई एकदा आपल्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या होत्या. बहीण हसली. बाई चहात चमचा फिरवत राहिल्या, साखर केव्हाच विरघळली होती तरी.

बाई मोठ्या वयाच्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या. वर्ग एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर, दुपारी तीन ते पाच. खालून इस्त्रीची वाफ जिन्यावाटे वर यायची. खिडक्यांच्या काचा धुरकट व्हायच्या आणि बाकांवरची माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसायची. कुणी मोठ्याने वाचलं तरी आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटे.

पहिल्या दिवशी वर्गाच्या सेक्रेटरींनी बाईंना दारातच थांबवलं होतं. वयस्क गृहस्थ, हळू बोलणारे. त्यांनी सांगितलं, की तुम्हाला यांची भाषा कळते हे यांना कळू देऊ नका, नाहीतर एक जण इंग्रजीत तोंड उघडणार नाही. मग आत जाऊन त्यांनी जाहीर केलं, मॅडम फार लांबून आल्यात, त्यांना आपलं एक अक्षर कळत नाही. बाई आल्या होत्या शहराच्या दुसऱ्या टोकाहून, दोन बस बदलून. महिन्याभराचा प्रश्न होता. त्याला एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात सेक्रेटरी वारले, आणि ही गोष्ट खोटी आहे हे जाणणारं त्या इमारतीत कुणी उरलं नाही.

वर्गाने त्यांचं नाव ठेवलं मुकी. तेही त्यांच्यासमोरच, त्यांना कळणार नाही म्हणून. नवा माणूस आला की जुने त्याला सांगत, बिनधास्त बोल, मुकीला काय समजतंय. बाई त्या वेळी हजेरी घेत असत. एकदा औषधाच्या दुकानात त्या डोकेदुखीची गोळी मागणार, तोच मागे वर्गातला वॉचमन येऊन उभा राहिला. बाईंनी कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले, मान हलवली. दुकानदाराने झोपेच्या गोळ्या काढल्या. वॉचमन पुढे सरसावला आणि त्याने बाईंचं दुखणं दुकानदाराला फार चांगल्या भाषेत समजावून सांगितलं. मग अभिमानाने इंग्रजीत म्हणाला, नो मेन्शन.

ऐकणं हे हळूहळू बाईंचं दुसरं घर झालं. स्वतःच्या घरी भिंतीवरचं घड्याळ सोडलं तर बोलणारं कुणी नव्हतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, बहीण महिन्यातून एकदा यायची. इथे मात्र त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या की पाठीवर बोलणी पडत. कुणाच्या जावयाने नोकरी सोडली, कुणाची सून उठता-बसता टोमणे मारते, कुणाच्या छातीत महिनाभर दुखतंय आणि त्याने घरी सांगितलेलं नाही. त्या लिहीत राहायच्या. आय गो, यू गो, ही गोज. खडूचा आवाज आणि माणसांचा आवाज एकमेकांत मिसळून जायचा, आणि बसमधून परतताना आपण नक्की काय ऐकलं आणि काय मनाने रचलं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

शेवटच्या बाकावर एक शिंपी आणि एक आया बसत. शिंप्याचं वय साठीच्या पुढे, मशीनवर जन्म काढल्याने कानाने ठार बहिरा. तो चार वर्षं एकाच पुस्तकात होता. वॉचमन त्याला हातवारे करून विचारी, ऐकू येत नाही तर येतोस कशाला? शिंपी सांगे, बायकोला वाटतं मी शिकतोय, दुपारी दोन तास ती कामाला लावत नाही.

आया इस्पितळातली. सकाळची पाळी संपवून थेट यायची. तिची एकुलती लेक परदेशात दिली होती. जावई भला, पण त्याला आणि विहीणबाईंना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. लेक म्हणत होती, आई, तू इथेच ये. म्हणून हा वर्ग. ती तीन वर्षं शिंप्याच्या कानाशी वाकून आपलं सगळं सांगत आली होती, आणि शिंपी दर दोन वाक्यांनी “बरोबर आहे” म्हणत आला होता.

बाईंनी एक चोरी सुरू केली ती या आयापायी. आया एकदा म्हणाली, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मी हात कुठे घालू, विचारू कसं? दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं, मे आय यूज द किचन? आया म्हणाली, विहीणबाई घालूनपाडून बोलल्या तर? दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाकडून घोकून घेतलं, प्लीज डोन्ट टॉक टू मी लाइक दॅट. वॉचमनने हे वाक्य आपल्या साहेबाला ऐकवलं आणि वॉचमनची ऐट दोन दिवस उतरली नाही. कुणाला शंका आली नाही. बाईंना वाटे, आपण अंधारातून कुणाच्या तरी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवतो आहोत.

मग लेकीला सातवा महिना लागला. आया शिंप्याला सांगत होती, पोरगी काल फोनवर रडली, म्हणाली, आई, मी दिवसभरात कुणाशीच आपलं बोलत नाही. रविवारी सकाळी काय ते कळवायचंय. गेले तर परतणं नाही, इथली खोली सोडावी लागेल. पण तिथे मी मुकी होईन रे. जाऊ का राहू?

शिंपी म्हणाला, बरोबर आहे.

त्या रात्री बाईंनी दिवा लवकर मालवला. पण शेवटचा बाक रिकामा आहे आणि फळ्याकडे तोंड केलं तरी पाठीमागून काहीच ऐकू येत नाही, असं काहीसं डोळ्यांसमोर येत राहिलं. सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, आय ॲम हॅपी हिअर. मंगळवारी, आय हॅव माय ओन रूम. बुधवारी, माय फ्रेंड्स आर हिअर. वर्गाने एका सुरात म्हटलं. आयाही म्हणत होती, फळ्याकडे न बघता, बाईंकडे बघत.

शनिवारी वर्ग सुटला, माणसं जिना उतरून गेली. शिंपी बाकावर डोकं टेकून झोपला होता. आया उठली, पुढे आली आणि पहिल्या बाकाशी उभी राहिली.

“बाई,” ती म्हणाली, “आज आपल्या भाषेत बोलते. तुम्हाला कळतं, हे मला केव्हापासून माहीत आहे.”

बाईंच्या हातातलं डस्टर थांबलं.

“घाबरू नका, कुणाला बोलले नाही. तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. डोळे मिटून पडलेलं माणूस झोपलंय की ऐकतंय, हे मला लांबून कळतं. आणि तुम्हाला काय वाटलं, मी याला सांगत होते?” तिने शिंप्याकडे हनुवटी केली. “याच्या कानाशी परात आपटली तरी हा बरोबर आहे म्हणेल.”

खाली कुणीतरी इस्त्रीवर पाणी शिंपडलं. वाफ दारातून आत आली. बाईंना आठवत गेलं, आया शिंप्याकडे वाकायची खरी, पण बोलायची केवढ्या मोठ्याने, आणि बाई काही लिहिण्यासाठी वळल्या की मगच.

“मी सांगायचं आणि तुम्ही लिहायचं, असं चाललं होतं आपलं,” आया म्हणाली. “ह्या आठवड्यात मात्र मला कळेना, तुम्ही शिकवताय की थांबवताय.”

बाईंनी डस्टर दुसऱ्या हातात घेतलं.

“लेकीला उद्या कळवायचंय. माझं एवढं कुणी ऐकलं नाही, नवऱ्यानेसुद्धा नाही. एक शब्द बोला माझ्याशी. नुसतं राहा म्हणा. मी तिला नाही म्हणून कळवते.”

शब्द बाईंच्या तोंडात होता. एकोणीस वर्षांत त्या वर्गात न उच्चारलेले सगळेच तिथे होते, गर्दी करून. आयाच्या डोळ्यांत त्यांना एक खोली दिसली, लांबच्या गावातली, आणि तिच्यात दिवसभर कुणाशीच न बोलणारी पोटुशी पोर, फोनकडे बघत बसलेली.

त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि तो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुसला. हॅपी गेलं, रूम गेलं, हिअर गेलं. डस्टर खिडकीत ठेवलं, पर्स खांद्याला लावली. आयापाशी आल्यावर क्षणभर थांबून त्यांनी तिच्या बाहीवर पडलेली खडूची भुकटी बोटांनी झटकली, नीट, सगळी जाईपर्यंत. मग दाराबाहेर पडून जिन्यातल्या वाफेत त्या एकेक पायरी उतरत गेल्या, एक शब्दही न बोलता.