मीटरसाहेबांचे वाचक

पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं मीटर तपासून निवृत्त झाल्यावर मीटरसाहेबांनी वेबसाइट काढली. नाव स्वतःचंच. पहिल्या पानावर फोटोही स्वतःचाच, हनुवटीखाली मूठ ठेवून विचारात गढलेला.

बायको नुकतीच छापखान्यातून आली होती. तिथे ती प्रुफं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून डोळे इतके शिणतात, की घरी येताना तिला दुकानाची पाटीसुद्धा वाचायला नको असते.

"जगाला सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच काही आहे," साहेब म्हणाले.

"घरात कधी कानावर आलं नाही ते," ती म्हणाली आणि चपला काढायला लागली.

जग मात्र फिरकेना. पहिल्या महिन्यात वेबसाइटला अकरा भेटी, त्यातल्या नऊ साहेबांच्याच. मग कुठल्याशा ऑनलाइन शिबिरात त्यांना कळलं, की वाचक आपणहून येत नसतो, त्याला सोशल मीडियावरून ओढून आणावं लागतं. साहेब कंबर कसून कामाला लागले. शाळासोबत्यांचा ग्रुप, पेन्शनरांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, एकही सुटला नाही. लिफ्ट बंद पडली अशी कुणी तक्रार केली, की खाली साहेबांची लिंक: 'थांबण्याचं तत्त्वज्ञान'. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं मांजर हरवलं, तर 'विरह: एक चिंतन'. मांजर दुसऱ्या दिवशी सापडलं. चिंतन तिथंच राहिलं. जिन्यात साहेब दिसले की लोकांना एकदम घाईचं काहीतरी आठवायला लागलं.

इथवर बायको नाक मुरडून गप्प बसली होती. पण पावणेदोन महिन्यांनी थोरले दीर आजारी पडले. अकरा दिवस हॉस्पिटलात होते. ती रोज छापखान्यातून परस्पर तिकडे जायची. साहेब एकदाही गेले नाहीत. औषधांच्या वासाने त्यांना गरगरतं म्हणे. बाराव्या दिवशी दीर गेले.

दिरांच्या मुलीने सोशल मीडियावर दोन ओळींत वडील गेल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशी तिने काकूला छापखान्यात फोन केला.

"काकू, माझ्या पोस्टखाली काकांनी काय टाकलंय, बघितलंत?"

तिने बघितलं. 'याच विषयावरचा माझा लेख जरूर वाचा: दादाचा हात.' खाली लिंक.

लेखात साहेब खाटेशेजारी बसले होते. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. दादाचा थरथरता हात साहेबांच्या हातात होता आणि शेवटचे शब्द होते, 'तू लिहीत राहा.' शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्यांचं काही वाटलं नाही.

लेखाखाली पुतणीने लिहिलं होतं, 'काका, बाबा तुमची वाट बघत होते. तुम्ही आला नाहीत. हे काढून टाका.' त्यावर साहेबांचं उत्तर होतं, 'प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक आभार. असेच वाचत राहा.'

घरी पोचली तेव्हा साहेब फोन हातात धरून खुशीत बसले होते.

"तीनशे चाळीस," ते म्हणाले. "एका दिवसात."

"तुम्ही तिथे नव्हता."

"अगं, लेखनात थोडंफार असं..."

"तुम्ही तिथे नव्हता."

"मनाने होतो की."

आतल्या खोलीत जाऊन तिने आपल्या फोनवरून लेखाखाली लिहिलं, 'हात मी धरला होता. लेखक त्या वेळी घरी होते.'

सकाळी तिची ओळ गायब होती. लेख मात्र जागच्या जागी, आणि त्यात जिथे जिथे 'मी' होतं, तिथे आता 'आम्ही' होतं.

"तुलाही घेतलंय," साहेब मोठ्या मनाने म्हणाले. "आता तरी समाधान?"

"'आमचा हात' लिहिलंय. दोघांत मिळून एकच?"

"ते सुधारतो," असं म्हणून त्यांनी चष्मा चढवला.

रविवारी ती एकटीच पुतणीकडे गेली. दिरांचे कपडे आवरायचे होते. सदऱ्यांच्या घड्या घालता घालता पुतणीने विचारलं, "बाबा शेवटी खरंच काही बोलले का?"

"धाकटा आला का, असं विचारलं. दोनदा." तिने कॉलर सारखी केली. "मी म्हटलं, रस्त्यात आहेत, पोचतीलच. खोटंच बोलले गं मी."

"आणि त्यांना खरं वाटलं?"

"छे. हसले," ती म्हणाली. "भावाला चांगले ओळखून होते ते."