सिद्रामच्या हातातलं लिंग

लढाई संपली, पलटणी परतल्या, तरी फौजेत गेलेला माझा धाकटा भाऊ सिद्राम आमच्या गावी, माकणीला, आला नाही. आहे की गेला, हेही कुणी कळवलं नाही. आम्ही लिंगायत. रोज सकाळी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, ही घरची रीत. पूजा मी करत होतो, पण खरं सांगतो, मन त्यात नव्हतं. आईचं तोंड बघवत नव्हतं आणि महादेवाचा राग येत होता.

शेवटी आईच म्हणाली, “आसंल तर घिऊन ये. नसंल तर मरताना त्याच्या हातात लिंग होतं का, तेवढं इचारून ये.” आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, हातात लिंग देऊन, बसवून पुरतात. परमुलखात हे कोण करणार?

करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर निजामाच्या शिपायांनी पिशवी उपसून पाहिली. तिथून सोलापूर, मग रेल्वेनं पुणे. लष्करी दफ्तरातल्या कारकुनानं धर्म विचारला, मी हिंदू सांगितलं. त्यानं दहन झालेल्यांची नोंदबुकं पानन्‌पान चाळली. सिद्राम कुठंच नव्हता. “बेपत्ता समजा,” तो म्हणाला. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे ठाऊक होतं. पण बेपत्ता माणसासाठी किती थांबायचं? आईकडे हाच शब्द घेऊन जायचा होता. पडवीत येऊन बसलो आणि मनात म्हणालो, देवा, माझ्याच्यानं होत नाही, आता तुझं तू बघ.

शेजारी एक पाय गमावलेला शिपाई आपल्या कागदांची वाट बघत होता. नळदुर्गचा मुसलमान. माझी हकीकत ऐकताना त्याची नजर माझ्या गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर गेली.

“भाऊ, तुमी लोक तर पुरता न्हवं? आमच्यावानी. मग जाळलेल्यात कशापायी धुंडाळायलाव?”

मी तसाच आत गेलो. कारकुनानं कुरकुरत दफनांचं बुक काढलं. मुसलमान शिपायांच्या नावांत सिद्रामचं नाव होतं. ब्रह्मदेशातलं इस्पितळ, ताप. पुढं एक ओळ होती, ती त्यानं वाचून दाखवली: मरणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे बसवून पुरलं, हातातला लहान दगड काढला नाही.

मी त्या टेबलावर डोकं ठेवून रडलो. आशा लई चिवट, ती तिथं मेली. बाहेर आलो तर तो शिपाई अजून बसलेलाच होता. त्याचे कागद सापडले नव्हते. मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तर त्यानं हात धरले.

घरी आईला सांगितलं. “कुणी बसवलं त्याला?” तिनं विचारलं.

“नाव लिवलेलं न्हाय, अव्वा.”

ती पुष्कळ रडली. मग म्हणाली, “ज्यानं बसवलं, त्याचं भलं व्हावं. जा, पूजा कर.”

मी भाऊ मागितला होता, तो मिळाला नाही. ते दुःख आहे तसंच आहे, त्याला औषध नाही. पण परमुलखात कुणीतरी माझ्या भावाचं शेवटचं बोलणं ऐकलं, ही कृपा मी कशी नाकारू? आता पूजेत मी काही मागत नाही. तळहात पुढं करतो, इतकंच.