एकही ढलपी पडली नाही
लातूर जिल्हा वेगळा झाला आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळही आला. त्या उन्हाळ्यात उदगीरच्या रामकिशन सुताराकडं गुरम्मा मोडक्या नांगराचं हातभर लाकूड घेऊन आली. म्हणाली, "यातनं पोळपाट, लाटणं, रवी अन् नातीला भवरा करून दे."

"गुरम्मा, हे लाकूड हाय का रबर?" रामकिशन भडकला. "जो उठतो तो वीतभर लाकूड आणतो अन् पलंग सांगतो! मी काय इथं जादू करायलोय का?"

पण नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. गुरम्माच्या सात पिढ्यांच्या नावानं बोटं मोडत त्यानं पाच वेळा माप घेतलं, पातळ करवत लावली, पोळपाटाच्या उरलेल्या कोपऱ्यातून भवरासुद्धा काढला. चारही वस्तू घेऊन गुरम्मा गेली. खाली चिमूटभर भुसा उरला. रामकिशन मिशीला पीळ देत बसला.

तेवढ्यात बायको सरजाबाई टोपलं घेऊन आली. कामाच्या ढलप्या सुताराच्या, ही गावची रीत; तिची चूल त्यांच्यावरच पेटायची.

"ढलप्या कुठंत?"

"पडल्याच न्हाईत. एवढं बेतून केलंय!"

सरजाबाईनं टोपलं आपटलं, त्याचा मापाचा लाकडी गज उचलला आणि विचारलं, "मग चुलीत हा घालू?"